धडकेनंतर ब्रेक कोण तपासतो?

अपघात झाला की त्याची वासलात लावणारी दोन वाक्ये आपल्याकडे तयार असतात. पहिले वाक्य अपघाताच्या जागी उच्चारले जाते : "ब्रेक फेल झाला." दुसरे वाक्य काही दिवसांनी गॅरेजच्या दारात, गाडीची किल्ली मालकाच्या हाती देताना उच्चारले जाते : "गाडी एकदम ओके आहे." पहिल्या वाक्याने चालक सुटतो, दुसऱ्याने गॅरेजवाला सुटतो. या दोन वाक्यांत एक साम्य आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दोन्ही वाक्ये बहुधा ब्रेक न तपासताच उच्चारलेली असतात.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुणे-बंगळूर महामार्गावर, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका अवजड मालवाहू वाहनाने पुढच्या अनेक मोटारींना धडक दिली. ब्रेक निकामी झाल्याचे प्रथम सांगण्यात आले. पुढे परिवहन अधिकाऱ्यांच्या प्राथमिक तपासणीची जी वृत्ते प्रसिद्ध झाली, त्यांचा सूर निराळा होता. ब्रेकमध्ये दोष नव्हता; उतारावर इंजिन बंद ठेवून वाहन खाली आणले गेले होते, असे त्यांत म्हटले होते. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला बेस्टच्या विजेवर चालणाऱ्या बसने अनेकांचे प्राण घेतले. तेव्हाही पहिला शब्द 'ब्रेक' हाच होता, आणि तपासणीत ब्रेक चालू स्थितीत आढळल्याचे नंतर सांगण्यात आले. या प्रकरणांत दोषी कोण, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे. माझा मुद्दा तेवढ्यापुरता नाही. धडक बसलेल्या वाहनाच्या ब्रेकविषयी खरे काय ते कळण्यास परीक्षा लागते, त्या परीक्षेला वेळ, कौशल्य आणि पैसा लागतो, आणि हा खर्च करण्याची निकड आपल्या व्यवस्थेतील कोणालाच वाटत नाही, हे मला सांगायचे आहे.

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. परंतु दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका अनुभवाने मला या विषयाकडे पाहणे भाग पडले. तो अनुभव सांगण्यापूर्वी ब्रेक म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो

मोटारीचा ब्रेक शाळेत शिकलेल्या पास्कलच्या नियमावर चालतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो. पायाखालचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, ब्रेक ऑइल लोखंडी नळ्यांतून चाकांकडे दाब नेते, आणि शेवटच्या वीतभर अंतरात रबरी होज पाइपातून तो दाब चाकाजवळच्या कॅलिपरला किंवा ड्रमला मिळतो. चाक वळते, वरखाली होते, म्हणून हा शेवटचा तुकडा लवचीक ठेवावा लागतो. चारही चाकांना असे द्रवदाबाचे ब्रेक असलेली मोटार अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ साली बाजारात आणली. तेव्हापासून शंभर वर्षांत पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे.

सुधारणांपैकी तीन महत्त्वाच्या आहेत. पहिली दुहेरी मंडलाची. मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग असतात. आजच्या बहुतेक लहान मोटारींत एक भाग पुढचे डावे व मागचे उजवे चाक सांभाळतो, तर दुसरा भाग उरलेली दोन. एक नळी फुटली तरी निम्मा ब्रेक हाती राहावा, हा त्यामागील हेतू. दुसरी सुधारणा बूस्टरची. इंजिनाच्या निर्वात शक्तीचा उपयोग करून तो पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवतो. इंजिन बंद पडले की बूस्टरमध्ये साठलेली शक्ती पेडल दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच पुरते. नंतर पेडल दगडासारखे लागते. तिसरी सुधारणा चाक जाम होऊ न देणाऱ्या 'एबीएस'ची. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली.

आता धडकेचा विचार करा. पुढून धडक बसली तर बंपर, दिवा, मडगार्ड हे सर्वांना दिसते. परंतु त्या मडगार्डाच्या आत चाक, कॅलिपर, डिस्क, रबरी होज आणि एबीएसच्या सेन्सरची बारीक वायर असते. धक्का चाकाला बसला असेल तर डिस्क किंवा तिचा हब किंचित वाकतो. हे वाकणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असले तरी पेडलला ते जाणवते, डोळ्यांना मात्र दिसत नाही. मागून धडक बसली तर हँडब्रेकची केबल ताणली जाते, गाडीच्या तळाशी असलेली नळी चेपते. ज्या भागावर जीव अवलंबून तोच भाग नजरेआड, आणि जो नजरेसमोर त्याचा जिवाशी फारसा संबंध नाही, अशी ही विचित्र वाटणी आहे.

रंगवली होती म्हणा

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका वळणावर समोरून आलेल्या टेम्पोने माझ्या गाडीच्या डाव्या कोपऱ्याला ठोकर दिली. वेग फार नव्हता. कोणाला इजा झाली नाही. विमा होता. गाडी एका चांगल्या, वातानुकूलित दालन असलेल्या गॅरेजमध्ये गेली. सर्व्हेअर येऊन छायाचित्रे घेऊन गेले. बारा दिवसांनी गाडी परत मिळाली तेव्हा नवा बंपर, नवा दिवा, आणि जुन्या रंगाशी बेमालूम मिळणारा रंग पाहून मला समाधान वाटले. "ब्रेकचे काय?" असे मी विचारले नाही, हे कबूल केले पाहिजे. विचारण्यासारखे काही असते, हेच मला ठाऊक नव्हते.

तीन आठवड्यांनी पुण्याहून साताऱ्याला येत होतो. शेजारी पत्नी, मागे मुलगी. खंबाटकीचा घाट उतरताना ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते आहे, असे वाटू लागले. घाट संपल्यावर रबर जळल्यासारखा वास आला. गाडी बाजूला घेऊन पाहिले, तर पुढच्या डाव्या चाकातून धग येत होती. उजवे चाक मात्र जवळजवळ थंड होते. त्याच रस्त्यावर पत्र्याच्या छपराखाली एक लहान गॅरेज होते. तेथल्या वयस्क मिस्त्रींनी जॅक लावून चाक उचलले आणि हाताने फिरवून पाहिले. फिरेना. मग त्यांनी कॅलिपरची निपल पान्याने जराशी सैल केली. ऑइलची एक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले.

"सर, गाडी कुठं ठोकली होती का?" त्यांनी विचारले.

"होती. पण सगळी दुरुस्त करून घेतली आहे."

"रंगवली होती म्हणा."

मग त्यांनी मला जे समजावले ते कोणत्याही प्राध्यापकाने हेवा करावा इतके स्वच्छ होते. निपल सैल केल्यावर चाक मोकळे झाले, याचा अर्थ कॅलिपर अडकलेला नाही. त्याच्यामागे दाब कोंडला आहे. तो कोठे कोंडला, हे शोधायचे. पुढचे एकच चाक तापले आहे, म्हणजे मास्टर सिलिंडरवर संशय कमी, त्या चाकाच्या होजवर अधिक. ठोकर लागली तेव्हा होज पिळला गेला असावा. बाहेरून तो धड दिसतो, पण आतला पापुद्रा सुटून झडपेसारखा आडवा येतो. पाय जोराने दाबतो म्हणून ऑइल पुढे जाते. पाय काढल्यावर परत येण्याइतका जोर त्याला राहत नाही. निपल सैल करूनही चाक मोकळे झाले नसते, तर दोष कॅलिपरच्या दट्ट्यात किंवा वाकलेल्या पिनांमध्ये शोधावा लागला असता. त्यांनी होज कापून दाखवला. पापुद्रा खरोखरच सुटलेला होता. नवा होज आणि मजुरी यांचा खर्च माझ्या बंपरच्या बिलाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी झाला. मुलगी मागच्या बाकावर झोपली होती. त्या मोठ्या गॅरेजच्या कागदावर 'गाडी रस्त्यावर चालविण्यास योग्य' असा शिक्का होता.

लक्षण आणि रोग

या अनुभवानंतर मी जाणकारांना विचारून, वाचून जे शिकलो, ते थोडक्यात मांडतो. कोणी घरी पाना घेऊन बसावे, हा त्यामागचा उद्देश नाही. आपण मिस्त्रींना काय सांगावे आणि काय विचारावे, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

पहिली परीक्षा गाडी उभी असतानाची. ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी पाहावी. पॅड झिजत जातात तशी ती हळूहळू खाली येते, परंतु धडकेनंतर एकाएकी उतरली असेल तर गळती आहे असेच समजावे. चाकांच्या आतील बाजू ओल्या आहेत का, हेही पाहावे. मग इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. जरादेखील हलले नाही तर बूस्टर किंवा त्याची नळी संशयास्पद. त्यानंतर पेडल मिनिटभर एकाच जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसत गेले, तर एक तर ऑइल बाहेर गळते आहे, नाही तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबर दाब धरून ठेवत नाही.

पेडल स्पंजसारखे लागत असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे. बहुतेक ठिकाणी हवा काढून गाडी परत दिली जाते. परंतु हवा काढणे हा उपचार लक्षणावरचा आहे. बंदिस्त नळीत हवा शिरली कोठून, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत गाडी बरी झाली असे म्हणता येत नाही. ब्रेक लावताना पेडल पायाखाली धडधडत असेल तर डिस्क किंवा हब वाकल्याची शंका घ्यावी, आणि ती डायल गेज लावून मोजून घ्यावी. अर्थात जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस काम करू लागले म्हणजेही पेडल थरथरते. तो दोष नव्हे.

गाडी एका बाजूला ओढते, या लक्षणाचा अर्थ सर्वांत अधिक वेळा चुकीचा लावला जातो. ती ब्रेक न लावताही ओढत असेल तर आधी टायरमधील हवा, अलाइनमेंट आणि सस्पेन्शन पाहावे. केवळ ब्रेक लावल्यावर ओढत असेल, तरी ज्या बाजूला ओढते त्याच बाजूचा ब्रेक बिघडला, असे म्हणता येत नाही. डावीकडे ओढणाऱ्या गाडीचा डावा ब्रेक धडधाकट असेल आणि उजवा लागतच नसेल. किंवा दोन्ही ब्रेक ठीक असून सस्पेन्शनचा वाकलेला दांडा ब्रेकचा ताण पडताच चाकाची दिशा बदलत असेल. लक्षण एक आणि रोग तीन, अशा ठिकाणी अंदाजाने भाग बदलत जाण्याला निदान म्हणत नाहीत.

यात अडचण वाढवणारी आणखी एक बाब आहे. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाण्याचे प्रमाण ३.७ टक्के झाले की तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी मानकाला चालते. 'डॉट ४'साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरला तर असे जुने ऑइल उकळते, वाफ होते आणि पेडल तळाला जाते. अर्ध्या-पाऊण तासाने ऑइल निवते, वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि तपासणारा पेडल दाबतो तेव्हा ब्रेक लागतो. अवजड वाहनांत तापलेल्या लायनरची पकड अशीच जाते आणि निवल्यावर परत येते. म्हणून "तपासणीत ब्रेक चालू आढळले" हे वाक्यदेखील अंतिम मानता येत नाही. ऑइलमधील पाण्याचे प्रमाण मोजले का, लायनर आणि डिस्क तापून निळसर पडल्या होत्या का, हे विचारावेच लागते. "ब्रेक फेल" म्हणणारा जितका घाई करतो, तितकीच घाई "ब्रेक ठीक होते" म्हणणाराही करू शकतो.

निम्म्या ब्रेकची किंमत

एखाद्याला वाटेल, थोडासा दोष राहिला तर असे काय बिघडते? साधे गणित करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी चांगल्या ब्रेकने, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते. दोन मंडलांपैकी एक निकामी झाले आणि ब्रेकचा जोर निम्मा राहिला, तर तिला सुमारे ४० मीटर लागतात. पण खरी भीती या आकड्यात दिसत नाही. चांगली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्याच जागी निम्म्या ब्रेकची गाडी अजून ताशी ४२ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. त्या जागी रस्ता ओलांडणारे शाळकरी मूल असेल, तर पहिल्या गाडीने त्याला स्पर्शही होत नाही. दुसरीने ते वाचेल याची शाश्वती कोणी देऊ शकणार नाही. आणि हे मूल ना गाडीचे मालक असते, ना विमेदार, ना गॅरेजचे गिऱ्हाईक. अर्थशास्त्रात ज्याला आपण बाह्य परिणाम म्हणतो, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला वर्गात देता येणार नाही.

मग ही तपासणी होत का नाही? मिस्त्री अडाणी आहेत, हे उत्तर खोटे आहे. माझ्या अनुभवातील मिस्त्रींना जे कळत होते ते मोठ्या गॅरेजमधील कारागिरांना कळत नसेल, असे मी मानत नाही. उत्तर मोबदल्याच्या रचनेत आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विकणाऱ्याला मालाचा दोष माहीत असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेव्हा चांगल्या मालाला योग्य भाव मिळत नाही आणि तो बाजारातून हटत जातो. या विचाराला २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९७३ साली डार्बी आणि कार्नी यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. काही सेवा अशा असतात, की त्या घेतल्यानंतरही त्यांची गरज होती का आणि त्या नीट मिळाल्या का, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. वैद्याची सेवा अशी असते, आणि मोटार दुरुस्तीचीही. रंग नीट लागला की नाही हे मला दिसते. म्हणून त्यासाठी गॅरेज मेहनत घेते. होज तपासला की नाही हे मला दिसत नाही. म्हणून त्यासाठी घेतलेल्या मेहनतीची किंमत शून्य येते.

विम्याची रचना या प्रवृत्तीला बळ देते. नेहमीच्या मोटार पॉलिसीत रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांच्या भरपाईतून ५० टक्के घसारा वजा होतो, गाडी नवी असो की जुनी. धातूच्या भागांवरील घसारा मात्र गाडीच्या वयानुसार वाढत जातो. जादा हप्ता भरून घसारामुक्त पॉलिसी घेतली असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीच्या कक्षेबाहेर असतात. याचा व्यवहारातील अर्थ असा, की होजचा दोष गाडी खोललेली असताना सर्व्हेअरला दाखवला गेला, तर तो अपघाताचे नुकसान ठरू शकतो. तीन आठवड्यांनी रस्त्यावर सापडला, तर तो झीज म्हणून मालकाच्या माथी बसतो. निदान वेळेवर होणे सर्वांत अधिक मालकाच्या हिताचे असते, आणि सर्वांत कमी माहिती त्यालाच असते.

कायदा काय विचारतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३६ प्रमाणे अपघातात सापडलेल्या वाहनाची तपासणी करण्याचा अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या व्यक्तीला आहे. परंतु ही तपासणी अपघात कशामुळे झाला, हे पाहण्यासाठी असते. दुरुस्तीनंतर वाहन रस्त्यावर येण्यास लायक झाले का, हा तिचा विषय नव्हे. माझ्यासारखी जी प्रकरणे आपसांत मिटतात, ती तर तिच्या वाऱ्यालाही जात नाहीत. भाड्याच्या वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची अशी तपासणी तिच्या नोंदणीची १५ वर्षे संपल्यावर येते. मधल्या काळात तिला कितीही ठोकरा बसोत.

न्यायालयांनी मात्र या प्रश्नाचा खोलवर विचार केलेला आहे. हेंडरसन विरुद्ध जेंकिन्स हा ब्रिटनमधील खटला १९६९ साली तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे निकालात निघाला. उतारावर एका लॉरीचे ब्रेक निकामी होऊन एक माणूस मरण पावला. ब्रेक ऑइलची नळी गंजून फुटली होती, आणि ती अशा भागात गंजली होती की नळी काढल्याखेरीज गंज दिसला नसता. आम्ही नियमाने पाहणी करीत होतो, दिसेल तेवढे पाहत होतो, असे मालकांचे म्हणणे होते. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायाधीशांनी ते अमान्य केले. या विशिष्ट वाहनाच्या पूर्वायुष्यात काय काय घडले, त्यामुळे अधिक काळजी घेणे आवश्यक होते का, हे मालकांनी सांगावयास हवे होते. ते त्यांनी सांगितले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७७ साली मीनू मेहता खटल्यात हीच दिशा धरली. यांत्रिक बिघाडाचा बचाव करणाऱ्या मालकाने, आपण सर्व वाजवी काळजी घेतली होती आणि तरीही दोष लपून राहिला, हे स्वतः सिद्ध केले पाहिजे.

'पूर्वायुष्य' या शब्दाकडे मी वाचकांचे लक्ष वेधतो. ठोकर लागलेल्या गाडीच्या पूर्वायुष्यात ती ठोकर कायमची जमा झालेली असते. ती आपल्याला ठाऊक असते, म्हणून उद्या काही विपरीत घडले तर "ब्रेक फेल झाला" एवढे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. त्या ठोकरीनंतर ब्रेक कोणी तपासले, हा प्रश्न येणारच, आणि रंगाच्या बिलातून त्याचे उत्तर मिळणार नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. धडकेच्या दुरुस्तीत ब्रेकची तपासणी हे स्वतंत्र काम मानावे, त्याचा मोबदला वेगळा द्यावा, आणि चारही चाके काढून काय पाहिले ते गॅरेजने सहीनिशी लिहून द्यावे. रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने लागतो, हे वेगवेगळे मोजणारी यंत्रे योग्यता तपासणीच्या केंद्रांत वापरली जातात. चाकाला किंवा सस्पेन्शनला धक्का बसलेल्या खासगी गाडीलाही दुरुस्तीनंतर हे मोजमाप आवश्यक करावे. विमा कंपन्यांनी या तपासणीचा खर्च विनाघसारा मान्य केला, तर पुढच्या अपघातांची भरपाई वाचून त्यांचाही फायदाच होईल. हे नियम होतील तेव्हा होतील. तोवर मालकाने सर्व्हेअर येण्यापूर्वी एक वाक्य बोलावे, एवढे त्याच्या हाती आहे : "चाके काढा, ब्रेक उघडा, आणि मला दाखवा." हे बोलण्यास पदवी लागत नाही.

मी हल्ली वर्गात माहितीच्या विषमतेचा धडा शिकवतो तेव्हा एक वीतभर लांबीचा, मधोमध चिरलेला रबरी होज टेबलावर ठेवतो. बाहेरून तो अजूनही नवा दिसतो. विद्यार्थी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहतात आणि दोष कोठे आहे ते विचारतात. आत पाहा, एवढेच मी त्यांना सांगतो.